किती आणे फरक

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात, भांडेवाल्यांच्या रांगेमागे पत्र्याची एक खोली होती. बाजारच्या दिवशी सकाळी सकाळी तिथून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. नवख्याला वाटायचं, खानावळ आहे. दोघातिघांनी तर खिडकीतून डोकावून ताट केवढ्याला म्हणून चौकशीही केली होती. आत हौसराव स्टुलावर बसलेला असायचा, समोर स्टोव्ह, आणि कुकरमध्ये डाळ नाही, सुया. पाच शिट्ट्या झाल्या की तो कुकर उतरवायचा, चिमट्याने एकेक सुई उचलून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायचा आणि मगच दाराची कडी काढायचा.

हौसराव डॉक्टर नव्हता. हे तो स्वतःच, कुणी विचारायच्या आधी, आल्या माणसाला सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात त्याला डाक्टर म्हणायचे. तो चिडला की सुईवाले आबा म्हणायचे.

मूळचा तो दौंडच्या रेल्वेतला फिटर. एकोणनव्वद साली वॅगनखाली वाकून डबे जोडायचं जड कपलिंग उचलताना त्याची कंबर धरली ती धरलीच. पट्टे झाले, मलमं झाली, दवाखान्यात पाय टांगून वजनं लावून झाली. दोन वर्षं हा माणूस बूट घालायला बायकोला हाक मारत होता. शेवटी कुणीतरी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते चिनी पद्धतीच्या सुया लावायचे. काहीतरी करून बघायचं म्हणून हौसराव गेला, आणि सातव्या खेपेला पुणे स्टेशनचा जिना तो कठड्याला हात न लावता उतरला. खाली आल्यावर बाकड्यावर बसून रडला. मग दोन वडापाव खाल्ले आणि दौंडची शटल पकडली.

एखाद्याला देव पावला तर तो नवस फेडून घरी जातो. हौसराव देवळातच राहिला. त्याने त्या डॉक्टरांचे पाय धरले आणि दीड वर्ष दर रविवारी दौंडहून पुण्याला जाऊन ती विद्या शिकला. शरीरावरच्या जागा पाठ केल्या. आधी भोपळ्यावर सुया लावल्या, मग स्वतःच्या पायावर. सर्टिफिकेट मिळालं त्याला काच बसवून आणली. त्याची बायको साखरबाई म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर मीबी सायबीण झाले असते.

आता ते आण्यांचं. डॉक्टरांनी शिकवलं होतं, दर वेळी पेशंटला विचारायचं, दहापैकी किती दुखतं? हौसरावाने शिकत असतानाच तसं विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच म्हाताऱ्याने उलट विचारलं, "धापैकी म्हंजी? मी काय परीक्षेला बसलोय व्हय?" तेव्हापासून हौसराव आमच्याकडच्या रिवाजाने विचारू लागला, किती आणे फरक? पैशातले आणे जाऊन चाळीस वर्षं झाली, पण दुखण्यातले आणे आमच्याकडे अजून चालू आहेत. चार आणे म्हणजे जरासं हलकं, आठ आणे म्हणजे निम्मं गेलं, सोळा आणे म्हणजे ठणठणीत. हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

लोकांच्या अपेक्षांचं काय सांगावं! सुई म्हटल्यावर त्यांना इंजेक्शन माहीत. "ह्यात औषध कुठंय?" हा पहिला प्रश्न. औषध नाही म्हटलं की चेहरा पडायचा. केवळ मोकळी सुई टोचून घ्यायला जीपचं भाडं खर्चून कोण येतो? कुणी सलाईन लावा म्हणायचं. कुणाला वाटायचं, एका खेपेत वीस वर्षं दुखणारी टाच पळायला लागेल. आणि हौसरावाची अपेक्षा याहून खुळी होती. त्याला वाटायचं, सातव्या खेपेला प्रत्येकाने जिना उतरला पाहिजे.

शिकून आल्यावर सगळ्यांत आधी त्याने सुया लावल्या त्या साखरबाईला. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. घरचाच डॉक्टर म्हटल्यावर दुसरीकडे जायचं कारणच नव्हतं. रोज ड्यूटीवरून आला की हौसराव हात धुऊन सुया घ्यायचा आणि विचारायचा, किती आणे? आधी चार म्हणाली, मग सहा, मग आठ. बारा आण्यांवर आली तेव्हा त्याने शेजारच्या क्वार्टरमध्ये जाऊन सांगितलं, आमच्या हिला बारा आणे फरक आहे. अशा आठ महिन्यांत बारा आण्यांचे चौदा झाले, आणि एका सकाळी तिला अंथरुणावरून उठताच येईना. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? मणक्यात गाठ होती, आणि ती पसरली होती. साखरबाई पुढे तीन महिने जगली. शेवटी शेवटी हौसराव तिला एकच विचारायचा, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? ती पाणी मागायची.

मूलबाळ नव्हतं. हौसरावाने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि तळेगावला वडिलांच्या वाटणीतल्या दोन खोल्यांत येऊन राहिला. वर्षभर सुया ट्रंकेत होत्या. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून यायचा, आणि डबा आणणाऱ्या माणसाशी जे बोलणं होईल तेवढंच दिवसाचं बोलणं. घरात चमचा पडला तरी तो दचकायचा. अखेर सत्त्याण्णव साली त्याने बाजारात ही पत्र्याची खोली घेतली. लोकांना वाटलं, म्हातारा कमाईच्या मागे लागला. खरं म्हणजे आपली कंबर या सुयांनी बरी झाली हे त्याला विसरता येत नव्हतं आणि साखरबाईची पाठही बरी झाली असं आपण आठ महिने समजत होतो, हेही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्हींत हात एकच आहे, हे त्याला सहन होत नव्हतं.

त्याने नियम केला. पाच खेपांत फरक नाही पडला तर सुया बंद, आणि शिरूरला किंवा दौंडला मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. त्यासाठी पेशंटने खरं बोलायला हवं. इथेच गाडी अडली. आमच्याकडचा माणूस कोर्टात खरं बोलेल, तालुक्याच्या साहेबाला तोंडावर शिव्या देईल, पण औषध देणाऱ्याला "गुण नाही" म्हणणार नाही. वाढणाऱ्या बाईला भाजी अळणी झालीय म्हणावं, तसं ते वाटतं. हौसराव जितका कळवळून "खरं सांगा हो" म्हणायचा, तितके लोक घाबरून दोन आणे वाढवायचे. एका पैलवानाने तर पहिल्याच खेपेला, सुया काढायच्या आधी, दहा आणे देऊन टाकले.

आणि खरं सांगा म्हणणारा हौसराव स्वतः एक खोटं रोज बोलत होता. नवा पेशंट आला की तो आपल्या कमरेची कथा सांगायचा, वॅगनपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत, आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणायचा, "सोळा आणे. आज हितं हाय तुमच्या म्होरं." दोन हजार सालापासून त्याची कंबर पुन्हा दुखू लागली होती. पुण्याचे म्हातारे डॉक्टर वारले होते. पंचक्रोशीत दुसरा सुया लावणारा नव्हता, आणि कमरेवरच्या ज्या जागा त्याला तोंडपाठ होत्या तिथे स्वतःचा हात नीट पुरत नव्हता. एकदा आरशाला पाठ करून त्याने प्रयत्न केला. एक सुई वाकडी गेली आणि तशीच ठेवून तो पालथा पडून राहिला. काढायलाही कुणी नव्हतं. शेवटी कशीबशी चाचपून स्वतःच काढली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

गिताबाई आली ती त्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात. केंदूरच्या पुढे धनगरांची वस्ती आहे, तिथली. पासष्टीची, उंच, सुकलेली बाई. तिचा मुलगा बिरदेव तिला एम-एटी गाडीवर घेऊन आला आणि कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आणायला म्हणून जो गेला तो पुन्हा तिच्याबरोबर कधी आत आला नाही. पुढच्या खेपांना ती एकटीच जीपने यायची. चाळिशीपर्यंत ती मेंढरांमागे चालली होती. दिवाळी झाली की कोकणाच्या अंगाला उतरायचं, पाऊस लागला की वर यायचं. दोन पोरं वाटेवरच झाली. मग कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, पोरांनी कांदा लावला.

"मेंढरामागं व्हते तवर काय दुखलं न्हाई बगा," ती म्हणाली. "घरात बसले आन् कंबर धरली."

हौसरावाने तिला पालथं झोपवलं, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सात सुया लावल्या. थोड्या वेळाने गादीतून आवाज आला, "आबा, कवा लावताय?"

"लावल्या की. सात लावल्या."

"आगं बया. म्या म्हणलं आजून तुमची तयारीच चाललीया."

दुसरा पेशंट असता तर हौसरावाला हे कौतुक वाटलं असतं. हिच्या आवाजात मात्र निराशा होती, ती त्याने ओळखली. पुढे तिनेच सांगितलं. तिचा सासरा डाग द्यायचा. लंगड्या मेंढराला आणि कंबर धरलेल्या माणसाला लोखंडाची एकच सळई, तापवून लाल केलेली. कातडं चरचरायचं, माणूस बोंबलायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा. ही एवढी केसासारखी सुई, लागतही नाही, ती काय करणार? पण हे ती त्या वेळी बोलली नाही. पहिल्या दिवशी चार आणे म्हणाली.

सुया लावल्यावर वीस मिनिटं थांबावं लागतं. हौसराव गजराचं घड्याळ लावून स्टुलावर बसायचा. इतर पेशंट घोरायचे किंवा गाऱ्हाणी सांगायचे. गिताबाई यातलं काही करायची नाही. तो विचारील त्याचं उत्तर द्यायची, आणि त्याने एरवी कुणाला काही विचारलं नसतं ते तो तिला विचारायचा. मेंढरू हरवलं तर कसं शोधता? घाटात पाऊस गाठला तर कोकरं कुठं ठेवता? ती पालथी पडल्या पडल्या, उशीत तोंड असल्यामुळे दबलेल्या आवाजात सांगायची. एकदा तिने खानावळीचा डबा उघडा पाहिला. पुढच्या बाजारी आपल्या डब्यात, फडक्यात बांधून हुलग्याची शेंगोळी आणली. खानावळीत शेंगोळी करत नाहीत. हौसरावाने ती दोन वेळा पुरवून खाल्ली.

एका माणसाने आठवड्यातून अर्धा तास यावं आणि दुसऱ्याने सबंध आठवडा त्या अर्ध्या तासाकडे तोंड करून बसावं, असं त्याचं झालं. लाज वाटायची, पण तसं झालं खरं. पाच खेपांचा त्याचा नियम गिताबाईच्या बाबतीत लागू पडला नाही, कारण तिचे आणे हळूहळू वाढतच होते. चाराचे सहा, सहाचे आठ. दहा खेपा झाल्यावर मध्ये महिनाभर थांबायचं असतं. तो महिना त्याने कसाबसा काढला. पुन्हा सुरू झालं, दहा, अकरा, बारा. हौसरावाला वाटू लागलं, हिला गुण आला तर निदान एक तरी माणूस आपल्या हाताने बरं झालं.

माघातल्या एका बाजारी ती चौदा आणे म्हणाली आणि गेली. शेंगोळीचा धुतलेला डबा तसाच राहिला. हौसराव तो घेऊन तिच्या मागे निघाला. बियाणंवाल्यापाशी तिला पाहिलं. ती जमिनीवर बसून गवारीचं बी हातात घेऊन बघत होती. मग उठायला गेली आणि उठता येईना. एक हात टेकला, दोन्ही टेकले, गुडघ्यावर आली, तोंड मिटून घेतलं. शेवटी दोन बायांनी काखेत धरून तिला उभी केली. उभी राहिल्यावर ती तशीच, डोळे मिटून, बराच वेळ बियाणंवाल्याच्या बांबूला धरून होती.

हौसराव दहा पावलांवर डबा घेऊन उभा होता. तो तसाच मागे फिरला.

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. चौदा आणे. साखरबाईसुद्धा चौदावर होती. आणि इथे आठ नाही, नऊ महिने झाले होते. आत काय असेल, किती पसरलं असेल, आणि आपण शेंगोळी खात बसलो होतो, मेंढरांच्या गोष्टी ऐकत. त्याला जेवण गेलं नाही. खानावळीचे डबे भरलेले परत जाऊ लागले.

पुढच्या बाजारी गिताबाई आली तेव्हा गादीवर चादर नव्हती.

"बसा," तो म्हणाला. "आज सुया न्हाईत."

"कुकर तर वाजला की."

"वाजू द्या. बसा."

आणि त्याने तिला साखरबाईचं सांगितलं. सहा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. बियाणंवाल्यापाशी काय पाहिलं तेही सांगितलं. गिताबाईने पदर दातात धरला होता.

"आता खरं सांगा. मला वाईट वाटायचं न्हाई. वाईट वाटंल ते तुमी खोटं बोललात तर."

ती घड्याळाकडे बघू लागली.

"तुमाला बिरोबाची आन हाय, गिताबाई."

हे बोलायला नको होतं, असं त्याला लगेच वाटलं. धनगराच्या बाईला बिरोबाची आन घालायची म्हणजे तिला दुसरी वाट ठेवायची नाही. गिताबाईने पदर सोडला. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"एक आनाबी न्हाई, आबा. पयल्या दिसापसनं न्हाई."

कुणाला खरं वाटणार नाही, पण हौसरावाला आनंद झाला. एका माणसाने खरं सांगितलं! त्याने लगेच शिरूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, कमरेचा फोटो काढा, रक्त तपासा, उशीर करू नका. गिताबाईने चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली. जाताना तिने वाकून, कष्टाने, खोलीच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. हौसरावाने ते पाहिलं, पण त्याचं चित्त चिठ्ठीत होतं. बिरदेवला आजच गाठा, उद्या शिरूरला जा, असं तो मागून ओरडून सांगत राहिला.

आठ दिवसांनी बिरदेव फोटोचं पाकीट घेऊन आला. गाठबीठ काही नव्हती. मणके झिजले होते. "वयमानाचं हाय म्हणं," बिरदेव म्हणाला. "आता घोडं म्हातारं झाल्यावर चालायचंच." हौसरावाने फोटो तीनतीनदा उजेडाला धरला. बिरदेव गेल्यावर त्याने चौकातून पावशेर पेढे आणले. वाटायला कुणी नव्हतं, तेव्हा त्यातले दोन खाल्ले आणि उरलेले भांडेवाल्याला दिले.

मग त्याच्या डोक्यात आलं, की सुयांनी नाही तर शेकाने बघू. या विद्येतच शेकायच्या कांड्या असतात, वाळलेल्या दवण्यासारख्या पाल्याच्या. त्या पेटवून जागेजवळ धरायच्या. आजवर त्याने त्या वापरल्या नव्हत्या. गावठी डागासारखं दिसतं म्हणून लाज वाटायची. पण डागावर विश्वास असलेल्या बाईला धग लागली तर? त्याने पुण्याहून दोन पाकिटं मागवली. स्वतःच्या पोटरीवर धरून अंतराचा अंदाज घेतला. दोन ठिकाणी भाजलं.

बाजार आला, गिताबाई आली नाही. दुसरा बाजार आला, तिसरा आला. तिसऱ्या बाजारी ती समोरच्या रस्त्याने जाताना दिसली. हौसराव दारात होता. तिने पाहिलं, थांबली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दुसऱ्या गल्लीने गेली.

चौथ्या दिवशी तो कांड्यांची पाकिटं पिशवीत घालून जीपमध्ये बसला. केंदूरला उतरून वस्तीपर्यंत चालत गेला. मैलभराची वाट, पण कमरेने दोनदा खाली बसवलं. गिताबाई अंगणात कांदे निवडत होती. त्याला पाहिल्यावर ती लगबगीने उठायला गेली, आणि पुन्हा तसाच हात जमिनीवर टेकला. मग घरातून घोंगडं आणून अंथरलं, पाणी दिलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. पाहुण्याचं करायचं तेवढं सगळं केलं. चहा पिऊन होईपर्यंत दोघंही कांद्याच्या भावाबद्दल बोलले.

मग हौसरावाने पाकिटं काढून घोंगड्यावर ठेवली आणि कांडीचं सगळं सांगितलं. धग कशी लागते, जाळायचं नसतं, नुसतं जवळ धरायचं. तिने एक कांडी हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवली.

"आता मला न्हाई येता यायचं, आबा."

"का? म्या काय बोललो का वाकडं?"

"तुमी कशाला बोलताय. म्याच बोलले. तोंडावर न्हाई म्हणले तुमच्या हाताला." ती कांद्याची साल बोटाने सोलत राहिली. "आमचा सासरा सांगायचा, ज्याच्या हाताला गुण न्हाई म्हणलं त्याच्या हाताखाली पुन्ना आंग द्यायचं न्हाई. दिलं तर त्येचा हात थंड पडतो. म्होरल्या मानसाला बी मग गुण येत न्हाई. तुमच्याकडं लोकं येत्यात. त्येंचं का वाटूळं करू?"

"ह्ये खुळ्यावानी हाय, गिताबाई."

"आसंल. पर मला न्हाई येववायचं."

हौसरावाने खूप समजावलं. सुया नकोत, कांड्या नकोत, नुसत्या येऊन बसा म्हणाला. हे शेवटचं बोलताना त्याचा आवाज बदलला आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. गिताबाईने मान खाली घातली.

"यायला मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "त्या ईस मिन्टांत मला कोन हाक मारत न्हवतं."

"मग नऊ म्हयने मला आणे का सांगत व्हता? पयल्यांदाच सांगितलं आसतं तर..."

"आबा, तुमी इचारायचा तवा तुमचं त्वांड बघितलंय का कधी? तुमाला बरं वाटायचं. आमचं काय, ह्ये आसंबी दुखतंय आन् तसंबी दुखतंय."

हौसरावाने पाकिटांकडे पाहिलं. तिने आपल्याला बरं करायला घेतलं होतं, नऊ महिने, आण्या-दोन आण्यांनी; आणि आपणच आन घालून ते थांबवलं. त्याने पाकिटं उचलली. मग पुन्हा खाली ठेवली, राहू द्या म्हणाला, सुनेला दाखवून ठेवतो कशी धरायची ते. सुनेने चुलीपाशी पाकिटं ठेवली.

गिताबाई त्याला रस्त्यापर्यंत घालवायला आली. तो नको म्हणत होता. दोघांची चाल सारखीच होती, हळू, एका बाजूला जरा झुकलेली. सडकेच्या कडेला बाभळीखाली जीपची वाट बघत दोघं उभी राहिली. लांबून धुरळा दिसायला लागला तेव्हा गिताबाईने विचारलं,

"आन् तुमची कंबर, आबा? कशी हाय?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईने आयुष्यभर मेंढरांची चाल बघितलेली, तिला काय दिसलं नसेल? सांगावं असं त्याला फार वाटलं. उठताना काय होतं, आरशाला पाठ करून काय केलं, सगळं. तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं. उन्हात डोळे बारीक करून ती उत्तराची वाट बघत होती. नऊ महिन्यांत काही गुण आल्याची खूण त्या तोंडावर नव्हती. निदान हा आपला आबा तरी बरा आहे, एवढंच तिला हवं होतं.

"सोळा आणे," हौसराव म्हणाला.

"मग झालं तर," ती म्हणाली.

साखरबाई आठ महिने काय करत होती, ते त्याला तिथे सडकेच्या कडेला उभ्या उभ्या कळलं. आता तिला ते सांगायचं तर ती नव्हती, आणि जिला सांगता आलं असतं तिच्याशी तो नुकताच खोटं बोलला होता. जीप आली. आत जागा नव्हती, ड्रायव्हरने मागच्या फळीवर बसायला सांगितलं. हौसरावाने गजाला धरलं आणि गिताबाई बघत होती म्हणून, तोंडातून आवाज न काढता, एका झटक्यात वर चढला.